मदत हवी आहे: नव्या लॅपटॉपचं वायफाय कार्डच दिसेनासं झालंय (फोंडा, गोवा)

नमस्कार मंडळी. लेकीसाठी चतुर्थीच्या आधी लॅपटॉप घेतला. ती फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे. आता वायफाय गेलंय आणि सोबत ब्लूटूथही. दोन्ही एकाच कार्डावर असतात, म्हणून मला ड्रायव्हरपेक्षा कार्डाचाच संशय येतोय.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये आधी पिवळं चिन्ह आणि कोड 10 (म्हणजे कार्ड सुरूच होत नाही) यायचा, आता कार्डाचं नावच गायब. चार्जर काढून, मशीन बंद करून पॉवर बटण दाबून धरलं, बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये) वायरलेस चालू असल्याचं पाहिलं. पेनड्राइव्हवरून उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) चालवून बघितलं, तिथेही कार्ड दिसत नाही. म्हणजे विंडोजचा दोष नाही. तरी सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, 'विंडोज परत टाका.' पोरीचा अख्खा प्रोजेक्ट त्यात आहे हो!

सध्या मोबाइल यूएसबी केबलने जोडून नेट चालवतेय.

जाणकारांनी कृपया सांगा:

कार्ड एम.2 2230 प्रकारचं (छोटं, खाचेत बसणारं), सुटं आहे. मागचं झाकण उघडून ते परत नीट बसवलं तर वॉरंटी जाते का? नवं घालायचं झाल्यास इंटेलचं एएक्स210 कार्ड चालेल ना? मशीनचा प्रोसेसर एएमडीचा आहे आणि एएक्स211 कार्ड इंटेलच्याच प्रोसेसरबरोबर चालतं, त्यामुळे ते चालणार नाही एवढं ठाऊक आहे. की हात न लावता ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करून लॅपटॉपच बदलून मागू? फोंडा-मडगावात कुणाला असा अनुभव असेल तर जरूर लिहा. परीक्षा तोंडावर आहे.