आज्जीला सांभाळलंय? मिळून वाचलंय? लिहा की

विज्ञानकथेत म्हातारीला बघायला बहुतेक वेळा यंत्रमानव येतो. गोळ्या वेळेवर देतो, पडू देत नाही. आमच्या बेळगाव भागात मुलं पुण्या-बंगळूरला गेली की हे काम शेजारच्या गल्लीतली बाई करते. गोष्टीत असो की घरात, सेवेची मैत्री नेमकी कधी होते? आपापला अनुभव सांगा.

शहापूर
चार वर्षं एका निवृत्त शिक्षिकांकडं दिवसभर असायची मी. त्यांना बारीक अक्षर दिसायचं नाही, म्हणून मी वाचायची. माझी शाळा कन्नड माध्यमाची, देवनागरी हिंदीच्या तासाला शिकलेली. ‘चाक’, ‘जग’ हिंदीसारखं वाचलं की आज्जी पांघरुणातून बोट वर करायच्या. मी परत वाचायची.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांची गोष्ट चालू असताना आज्जींनी सांगितलं, १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली. अक्षर ओळखू येईल म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतलेली. दुसऱ्या दिवशी आज्जी म्हणाल्या, “वही आण. मी सांगते, तू लिही.”

आज्जींच्या गोष्टीत म्हातारी कृष्णविवराजवळून फिरून येते. तिथं काळ हळू चालतो, त्यामुळं इकडं तिला सांभाळणारी पोरगी म्हातारी झालेली. शेवटचं वाक्य सांगताना त्यांचे कापरे हात मांडीवर होते. “आता तू पड गे, चहा मी करते.” मला पुढं लिहिता येईना.

खानापूर
आमच्या आज्जींना यंत्रमानवाची गोष्ट पटलीच नाही. “त्याला ‘जेवलास काय’ म्हणून कधी विचारायचं?” म्हणाल्या.

निपाणी
मी सून. एलिझाबेथ मून यांची ‘रेम्नंट पॉप्युलेशन’ (१९९६) ही इंग्रजी विज्ञान कादंबरी वाचली तेव्हा आमचंच घर डोळ्यांपुढं आलं. परग्रहावरची माणसांची वसाहत रिकामी होताना ओफेलिया नावाची म्हातारी लपून मागं राहते. पुढं त्या ग्रहावरचेच जीव येतात, भाषा एक नसताना जवळीक होते, आणि शेवटी तीच त्यांच्या पिल्लांची राखणदार होते.

सासूबाईंना बघायला येणाऱ्या मावशी कन्नड, सासूबाईंना मराठीच यायचं. लेक कामाला जायला लागली तशा मावशी तान्ह्या नातवाला घेऊन यायला लागल्या. मला आधी आवडलं नव्हतं, खरं सांगते. झोळीची दोरी सासूबाईंनी पडल्या पडल्या हातात घेतली आणि मावशींना खुणेनंच सांगितलं, तू जेवून घे. पोरगा आता अंगणवाडीत जातो. सासूबाई त्याच्याशी कन्नड बोलतात, आमच्यापुढं मात्र बोलत नाहीत.