ऐरोली: जिप्सीच्या मागच्या चॅसीला आणि फ्लोअरला गंज, वेल्डर कसा निवडायचा?

खाडीकाठ_४१३

गाडी मारुती जिप्सी किंग, २००६ ची, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनची), सॉफ्ट टॉप (कापडी छताची). बारा महिने उघड्यावर उभी असते आणि खाडी पाच मिनिटांवर. मागच्या डाव्या शॅकलच्या (पाटा, म्हणजे लीफ स्प्रिंग, चॅसीला जोडणारा दुवा) वर चॅसीच्या बाजूला स्क्रूड्रायव्हर सहज आत जातो, साधारण ४ इंच लांबीत. मागच्या आडव्या क्रॉसमेंबरला खालून पापुद्रे सुटलेत. ड्रायव्हरच्या पायाखाली फ्लोअरला दोन भोकं आहेत, मोठं तळहाताएवढं. इंजिन आणि गिअरबॉक्स उत्तम आहेत, त्यामुळे गाडी सोडायची नाही.

दोघांशी बोलणं झालंय. खिडक्यांच्या ग्रिल बनवणारा म्हणतो, वरून पट्टी मारून अर्ध्या दिवसात देतो. डेंटर म्हणतो, फ्लोअर गॅस वेल्डिंगने करतो पण चॅसीला हात लावणार नाही. २०२१ ला नोंदणीचं नूतनीकरण झालं होतं, आता २०२६ चं येतंय. वेल्डरला नेमकं काय विचारायचं, काम कुठपर्यंत कापून घ्यायचं आणि पैसे कोणत्या हिशोबाने ठरवायचे?

वागळे_फॅब

चॅसीला हात लावणार नाही म्हणणारा डेंटर प्रामाणिक आहे, फ्लोअरसाठी त्याला धरून ठेवा. चॅसी आणि पत्रा ही दोन वेगळी कामं आहेत आणि एकच माणूस दोन्ही चांगली करेल हे क्वचित जमतं. चॅसीसाठी वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे या पट्ट्यात एमएस (साध्या पोलादाचं) स्ट्रक्चर करणारा फॅब्रिकेटर शोधा, ज्याच्याकडे सीओटू वेल्डिंगचं (गॅसच्या आवरणात तारेने होणाऱ्या वेल्डिंगचं) मशीन आहे आणि जो उलटं, म्हणजे डोक्यावरचं वेल्डिंग रोज करतो. ग्रिलवाल्याला कमी लेखत नाही. पण ग्रिलची शिवण तुटली तर ग्रिल हलते, शॅकलवरची तुटली तर मागचा पाटा जागा सोडतो.

आधी गंज खरा किती आहे ते बघा, कारण दर त्यावर ठरणार. चिखल धुऊन काढा, ग्राइंडरला वायर कप लावून खरवडा आणि लहान हातोडीने दर इंचावर ठोका. शाबूत लोखंड खणखणीत वाजतं, खाल्लेलं बद्द वाजतं. स्क्रूड्रायव्हर ४ इंचात घुसत असेल तर कापायची लांबी ८ ते १० इंच धरा. जिप्सीची चॅसी बंद पेटीसारखी आहे. चिखल आणि पाणी आत साचतं, गंज आतून बाहेर येतो, त्यामुळे बाहेर दिसतं ते कमीच असतं.

वरून पट्टी मारणं का चुकीचं, ते त्या माणसालाही सांगा. खालचं गंजलेलं लोखंड वेल्ड धरतच नाही. आर्क लागला की ते जळून मागे सरकतं, कडेला टाचणीएवढी भोकं राहतात, मग वेल्डर त्यावर रॉडचा लगदा चढवतो. वर पट्टी आणि खाली गंज यांच्यामधल्या फटीत पाणी शिरतं आणि दोन पावसाळ्यांत पट्टीच्या शेजारची चॅसी जाते.

बरोबर पद्धत अशी. गंजलेला भाग चकाकतं लोखंड लागेपर्यंत कापून काढायचा. कापलेल्या कडेची जाडी व्हर्नियरने मोजायची आणि तेवढ्याच जाडीची, किंवा जेमतेम अर्धा मिलिमीटर जास्त, एमएस प्लेट घ्यायची. ६ मिमीची प्लेट लावून 'मजबूत' करू देऊ नका. जाड तुकडा वाकत नाही, सगळा ताण त्याच्या कडेला जमा होतो आणि जुनी चॅसी तिथेच चिरते. तुकड्याचे कोपरे गोल करा. चॅसीला काटकोनात सरळ उभी शिवण येऊ देऊ नका, शिवण तिरकी जाईल असा शंकरपाळ्यासारखा आकार काढा. वरची आणि खालची पट्टी जिथे बाजूला मिळते त्या कोपऱ्यावर शिवण संपवू नका.

तार ०.८ मिमी, ईआर७०एस-६. गॅस ८० टक्के अरगॉन आणि २० टक्के कार्बन डायऑक्साइड असेल तर छर्रे कमी उडतात, नुसता सीओटू असेल तरी चॅसीच्या जाडीला चालतो. साध्या आर्कनेच (रॉडच्या वेल्डिंगने) करणारा हातखंडा माणूस मिळाला तर नाही म्हणू नका, फक्त रॉड ६०१३, २.५ मिमी आणि कोरडा हवा. उघड्या पाकिटातले दमट रॉड आपल्या हवेत फार वाईट. शिवणीत बारीक भोकं राहतात आणि खपली काढल्यावरच ती दिसतात. म्हणून प्रत्येक पासनंतर खपली पूर्ण काढून घ्या.

आधी चारही बाजूंनी टाके (ठिपक्यांएवढे वेल्ड), मग शिवण ३० ते ४० मिमीच्या टप्प्यांत, एकदा इकडे एकदा तिकडे. गरम शिवणीवर पाणी ओतू द्यायचं नाही. शॅकलचं ब्रॅकेट सोडवावं लागलं तर काढण्याआधी उजव्या बाजूशी मापं घेऊन ठेवा: मागच्या पाट्याच्या पुढच्या बोल्टपासून शॅकलच्या बोल्टपर्यंत, शिवाय दोन्ही कर्ण. ५ मिमीचा फरकसुद्धा एक्सल तिरका बसवतो आणि गाडी रस्त्यावर एका बाजूला ओढते.

पैसे इंचावर ठरवू नका. इंचाचा दर असला की कापणं कमी आणि शिवण लांब, हे ठरलेलंच. अख्ख्या कामाचा आकडा ठरवा, त्यात कापणं, प्लेट, आतली सफाई, प्रायमर धरून. पैसे तीन हप्त्यांत द्या: पहिला कापून उघडं केल्यावर, दुसरा शिवण उघडी दाखवल्यावर, शेवटचा प्रायमर झाल्यावर. कापल्यावर गंज जास्त निघाला तर वाढीव किती, तेही आधीच बोलून घ्या. हा वाद नेहमी गाडी अर्धी उघडी असतानाच होतो.

पत्रा_वीसगेज

फ्लोअरबद्दल. डेंटर चांगला असला तरी गॅस वेल्डिंगला माझा विरोध आहे. ज्योतीची उष्णता पसरते, सपाट पत्रा लाटांसारखा होतो, आणि मग त्या लाटा लांबीने (पुटीने) भरल्या जातात. फ्लोअरवर लांबी म्हणजे पाय आपटला की तडा, तड्यातून पाणी. सीओटू असलेला डेंटर शोधा.

पारख सोपी आहे. २० गेज पत्र्याचे, म्हणजे साधारण ०.९ मिमीचे, दोन तुकडे न्या आणि समोरासमोर जोडून मागा. भोक न पाडता जोडता आले पाहिजेत. मग उलटून बघा, मागच्या बाजूला शिवण थोडी उतरलेली दिसली पाहिजे. व्हाइसमध्ये धरून वाकवा. पत्रा वाकला आणि शिवण टिकली तर माणूस घ्या. शिवण सोलल्यासारखी सुटली तर वरवर धातू बसवलाय, आत गेलेला नाही. दहा मिनिटांची परीक्षा आहे आणि चांगला कारागीर तिला राजी असतो.

पत्रा सीआर (थंड लाटलेला, जस्त नसलेला) घ्या, १८ किंवा २० गेज. गंजणार नाही म्हणून कोणी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा सुचवेल. त्याचं जस्त जळून पांढरा धूर होतो, तो श्वासात गेला की रात्री ताप आणि थंडी भरते, आणि शिवणही भुसभुशीत होते. मूळ फ्लोअरला दाबून काढलेले कंगोरे आहेत, ते तुकड्यातही काढून घ्या, नाहीतर सपाट पत्रा ढोलासारखा वाजतो. टाके २५ ते ३० मिमीवर, मग मधल्या जागा आलटूनपालटून भरायच्या. सलग शिवण ओढायची नाही. जिथे पत्र्यावर पत्रा बसतो तिथे वरच्याला ८ मिमीची भोकं पाडून ती वेल्डने भरून घ्या, आणि आतल्या बाजूला आधी वेल्डिंग चालणारा जस्ताचा प्रायमर मारा.

गंज दाराच्या खालच्या पट्टीपर्यंत गेला असेल तर कापण्याआधी दाराच्या चौकटीत २५ मिमी चौकोनी पाइपचा आडवा आणि तिरका आधार टाक्यांनी लावा. सॉफ्ट टॉपला वरून काहीच धरून ठेवत नाही. खालची पट्टी कापली की बॉडी मध्ये बसते आणि दार पुन्हा कधी नीट लागत नाही.

आणि पाणी येतं कुठून ते शोधल्याशिवाय नवा पत्रा लावू नका. जिप्सीत बहुतेक वेळा काचेच्या फ्रेमखालच्या रबरातून येतं, डॅशमागून उतरतं आणि मॅटखालच्या नमद्यात मुरतं. एकाने आत बसायचं, दुसऱ्याने फ्रेमवर पाच मिनिटं पाइप धरायचा, कळतं.

नोंदणी_एमएच४३

चॅसी नंबर ठोकलेला आहे त्या जागेवर ग्राइंडर, वेल्डिंग, जाड रंग, काहीही नको. काम सुरू होण्याआधी त्या जागेचा फोटो आणि पेन्सिलचा ठसा घेऊन ठेवा, वेल्डरला खडूने चौकट आखून दाखवा. नूतनीकरणाच्या तपासणीत आरटीओत ठसा आणि नंबर बघतात. नंबर अस्पष्ट झाला तर काम कितीही सुबक असो, गाडी अडकते. अर्ज फॉर्म २५, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करता येतो.

गंजलेला तुकडा बदलणं ही दुरुस्ती झाली. अख्खी चॅसी बदलायचा विचार आला तर तो वेगळा विषय आहे, आरटीओची मंजुरी आधी घ्यावी लागते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून भंगारातली चॅसी आणून गुपचूप बसवू नका.

खाडीकाठ_४१३

सगळ्यांचे आभार. ग्रिलवाल्याला नको म्हणतो. दोन शंका. एक, फॅब्रिकेटर सोसायटीत मशीन आणून करायला तयार आहे, चालेल का? दोन, पेट्रोलची टाकी मागेच आहे. तो म्हणतो, रिकामी करून ओलं गोणपाट टाकलं की पुरे.

वागळे_फॅब

दोन्हीला नाही. टाकीच्या बाबतीत तर अजिबात नाही.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात. तुमचं काम तिच्यापासून वीतभर अंतरावर आहे. टाकी उतरवा, भरायचा पाइप आणि पेट्रोलच्या सगळ्या नळ्या काढा, चॅसीवरच्या नळ्यांची तोंडं बंद करा आणि टाकी कामाच्या जागेपासून लांब ठेवा. हे मान्य नसेल तर माणूस बदला. टाकी उतरलीच आहे तर तिच्या वरचा क्रॉसमेंबर आणि टाकीचे पट्टेही बघून घ्या, तिथे एरवी हात पोचत नाही.

मागच्या ब्रेकची नळी आणि वायरिंग चॅसीलगत जातात, तीही बाजूला घ्या. नळीवर गंजाचे खड्डे असतील तर बदला, नखाला लागला तो खड्डा मोठाच समजा. ब्रेक क्लीनरने जागा पुसून लगेच वेल्डिंग करू देऊ नका. क्लोरीन असलेल्या क्लीनरपासून आर्कच्या उष्णतेत फॉस्जीन हा विषारी वायू होतो. थिनरने पुसा आणि पूर्ण सुकू द्या.

बॅटरीच्या दोन्ही तारा काढा. एमपीएफआय आहे, त्यामुळे ईसीयूचा (इंजिनच्या संगणकाचा) कनेक्टर आणि अल्टरनेटरची जोडणीही काढा. अर्थिंगचा चिमटा शिवणीपासून फूटभर अंतरात, चकाकत्या लोखंडावर. तो एक्सलवर किंवा बंपरवर लावला तर करंट बेअरिंगमधून किंवा केबलमधून वाट काढतो आणि बेअरिंगला खड्डे पडतात.

सोसायटीत आग आणि शेजारच्या गाड्यांच्या काचांवर उडणारे छर्रे हा एक भाग. दुसरा म्हणजे लांब एक्स्टेन्शनवर व्होल्टेज पडतं, रॉड चिकटतो, तार तडतडते आणि वेल्ड वरवरचा होतो. वारा असेल तर सीओटूचा गॅस उडून जातो. गाडी शेडमध्ये न्या, मजबूत घोडींवर (स्टँडवर), चॅसीखाली आधार देऊन. एक्सलखाली दिलेत तर पाटे भार घेऊन राहतील आणि ब्रॅकेट सुटणार नाही.

चॅसीच्या वरच्या बाजूला पोचायचं तर बॉडीचे बोल्ट सैल करून ती २ ते ३ इंच उचलावी लागेल. बोल्टांवर तीन दिवस आधीपासून रोज भेदक तेल मारा, तरी एखाददुसरा तुटेल असं धरून चला. उचलताना स्टिअरिंगचा शाफ्ट, गिअरचे दांडे, रेडिएटरचे पाइप आणि हँडब्रेकची केबल यांच्यावर एकाची नजर हवी.

पत्रा_वीसगेज

टाकीबद्दल शंभर टक्के सहमत. पुढचा भाग मी लिहितो, कारण चांगलं वेल्डिंगही इथेच वाया जातं.

शिवणीच्या मागच्या बाजूचा प्रायमर जळलेला असतो आणि बंद पेटीत ती जागा दिसत नाही. म्हणून बाहेरून दोन घटकांचा एपॉक्सी प्रायमर त्याच दिवशी मारा. आपल्याकडे उघडं लोखंड रात्रभर ठेवलं की सकाळी तांबूस होतं, पावसाळ्यात तर दोन तासांत. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा. नुसता रेड ऑक्साइड खाडीच्या हवेत पुरत नाही. प्रायमर सुकल्यावर पत्र्याच्या प्रत्येक जोडावर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, मग रंग.

रंगानंतर दोन दिवसांनी चॅसीच्या आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण). लांब नळीला सगळीकडे फवारणारं तोंड हवं. आधीची भोकं वापरा, कमी पडली तर ८ मिमीची पाडून रबरी बुच लावा. क्रम बदलू नका. आधी वॅक्स आणि नंतर वेल्डिंग झालं तर आत आग लागते.

सपाट_पाटा

वॅक्सऐवजी जुनं इंजिन ऑइल फवारलं तर काय बिघडतं? स्वस्त पडतं.

पत्रा_वीसगेज

वापरलेल्या तेलात आम्ल जमा झालेलं असतं, ते रबरी बुश आणि बॉडीखालचे माउंट फुगवतं, शिवाय जमिनीवर ठिबकतं. जाड डांबरी कोटिंगचा त्रास वेगळा. नव्या, साफ, प्रायमर केलेल्या लोखंडावर ते चांगलं, पण गंजावर मारलं की आतला ओलावा कोंडतो आणि दोन वर्षांनी पापडासारखं सुटून येतं. पाणी निघायची भोकं मात्र कशानेही बंद होऊ देऊ नका. वॅक्स झाल्यावर प्रत्येकातून तार फिरवा.

वागळे_फॅब

एक राहिलं. शॅकलचे बोल्ट घोडीवर असताना नुसते हाताने लावा. पक्के आवळायचे ते गाडी चारही चाकांवर उतरवून, दोनदा दाबून पाटे बसल्यावर. हवेत आवळले तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात आणि काही महिन्यांत फाटतात. बुश नवेच घाला, शॅकल सुटलेलंच आहे. पहिल्या खडबडीत फेरीनंतर शिवणींच्या टोकांवरचा रंग बघा, केसाएवढी रेघ दिसली तर गाडी परत त्याच्याकडे न्या.