टाकीत माणूस उतरवण्याआधी एकदाच गॅस तपासणं पुरेसं आहे का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या कारखान्यात सांडपाण्याची बंद टाकी आहे, दोन पुरुष खोल, वर एकच मॅनहोल. पुढच्या शटडाउनला आतला गाळ काढायचाय आणि देखरेख माझ्याकडे आहे.

आतापर्यंतची पद्धत अशी: सकाळी डिटेक्टर मॅनहोलच्या तोंडाशी धरायचा, ऑक्सिजन २०.९ टक्के दिसला की परमिटवर (आत उतरायच्या परवान्यावर) सही, मग दिवसभर त्याच कागदावर काम. वर एक जण उभा असतो, पण सामान आणायलाही त्यालाच पिटाळतात.

मला हे पटत नाही. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तो तळाशी साठतो. शिवाय गाळात अडकलेला गॅस फावडं लागल्यावर सुटतो, म्हणजे सकाळी नसलेला धोका दुपारी आपणच उकरून काढतो. "वास आला की वर येऊ," असं जुने लोक म्हणतात. पण साधारण १०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं, गॅस गेला.

तपासणी कुठे आणि किती वेळा करावी? काडतुसाचा, म्हणजे गाळणीची डबी लावलेला मास्क चालेल का? आणि सगळ्यात मोठी काळजी: उतरणारे दोघं सख्खे भाऊ आहेत. एक कोसळला तर दुसऱ्याला कसं थांबवायचं?

प्रतिसाद १
डिटेक्टरची नळी टाकीत सोडून वर, मध्ये आणि तळाशी मोजा. डिटेक्टरच्या पंपाला लांब नळीतून हवा ओढायला वेळ लागतो, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. क्रम आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी. ऑक्सिजन कमी असेल तर ज्वलनशील वायूचा नेहमीचा सेन्सर चुकीचं, कमी दाखवतो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली किंवा २३.५ च्या वर असेल तर कोणी उतरायचं नाही. ब्लोअरची (ताजी हवा आत ढकलणाऱ्या पंख्याची) नळी तळापर्यंत न्या आणि काम संपेपर्यंत तो चालू ठेवा. आतल्या माणसाच्या छातीवरही डिटेक्टर हवाच. काडतूस विषारी वायू गाळतं, ऑक्सिजन तयार करत नाही, त्यामुळे तो मास्क इथे निरुपयोगी.

प्रतिसाद २
भावांना एकत्र उतरवूच नका. आणि नुसत्या सूचनेने कोणी थांबत नाही, आत न जाता वर ओढायची सोय डोळ्यांसमोर असेल तरच थांबतो. ट्रायपॉड (मॅनहोलवरची तिपाई), विंच (दोर गुंडाळून ओढायचं यंत्र), पूर्ण अंगाचा हार्नेस (पट्ट्यांचा साज), आणि दोर माणूस आत असेपर्यंत जोडलेलाच. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ मध्ये नोंदवलं होतं की बंद जागेत मेलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले होते. वरच्या माणसाला दुसरं काहीही काम देऊ नका. तो हलला की आतला माणूस बाहेर. रिकामा हार्नेस वजन बांधून आधी ओढून पाहा, मॅनहोलला अडकतं का ते तिथेच कळेल.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. ट्रायपॉड आल्याशिवाय सही करणार नाही, असं वरिष्ठांना कळवलंय. एक राहिलं: टाकीत येणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावलं तर पुरे का?

प्रतिसाद १
नाही. व्हॉल्व्ह गळतात. फ्लँज (पाइपचा बोल्टचा जोड) उघडून ब्लाइंड (पाइप बंद करणारी भरीव चकती) टाका किंवा पाइपचा तुकडाच काढून ठेवा. आत ढवळणी असेल तर तिच्या मोटरचा वीजपुरवठा तोडून कुलूप लावा, आणि किल्ली उतरणाऱ्याच्याच खिशात ठेवा.