वासरांच्या हगवणीवर प्रोबायोटिक पूड: पैसे घालावेत का?

प्रश्न (गोठेकरी, फलटण तालुका)

माझ्याकडे ११ संकरित होल्स्टीन गाई आहेत. या हंगामात जन्मलेल्या पाच वासरांपैकी तिघांना दुसऱ्या आठवड्यात पिवळसर पांढरी हगवण लागली आणि त्यांतील एक कालवड दगावली. खाद्यविक्रेत्याने प्रोबायोटिकची (उपयुक्त जिवंत जिवाणूंची) पूड सुचवली असून ती दररोज १० ग्रॅम दुधातून द्यावी, असे पाकिटावर लिहिलेले आहे. मी ती दूध तापवतानाच पातेल्यात मिसळत होतो आणि हगवण सुरू झाल्यावर प्रतिजैविकाच्या गोळ्याही त्याच वेळी देत होतो. फरक काहीच दिसला नाही. आमच्या आईचे म्हणणे असे की, पुडीपेक्षा घरचे ताक बरे. अशा पुडीचा खरोखर उपयोग होतो का, की हा निव्वळ खर्च आहे?

उत्तर १ (निवृत्त पशुवैद्यक)

आपण पुडीविषयी विचारले आहे, परंतु मला आधी हे विचारावेसे वाटते की, वासराला पहिला चीक जन्मानंतर किती वेळाने मिळतो? गाईच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे वासराला जी काही संरक्षक शिदोरी मिळते ती चिकातूनच मिळते, आणि ती जशीच्या तशी शोषून घेण्याची आतड्याची क्षमता पहिल्या काही तासांत सर्वाधिक असून २४ तासांत जवळजवळ संपते. वजनाच्या सुमारे दहा टक्के, म्हणजे ३५ किलोच्या वासराला साडेतीन लिटर चीक पहिल्या दिवसात जायला हवा, आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या दोन तासांत. आपल्याकडे वार पडेपर्यंत चीक काढायचा नाही, ही समजूत अजूनही अनेक गोठ्यांत पाळली जाते. घरात खरवस झाला आणि वासरू मात्र उपाशी राहिले, असेही मी पाहिले आहे.

आता पुडीकडे येतो. त्यातील जिवाणू आतड्यात जागा आणि अन्न अडवून ठेवतात (एसटीत रुमाल टाकून जागा धरतात, तसेच हे) आणि लॅक्टिक आम्ल तयार करून रोगकारक जिवाणूंची वाढ रोखतात. ते जिवंत पोहोचले तरच हे घडते. उकळत्या दुधात लॅक्टोबॅसिलससारखा पुडीतला जिवाणू मरतो. म्हणून दूध आधी तापवून, अंगाला सोसेल इतपत, साधारण ३९ अंशांवर येऊ द्यावे आणि पाजण्याच्या क्षणी पूड मिसळावी. प्रतिजैविकासोबत ती देणे म्हणजे एका हाताने पेरणे आणि दुसऱ्या हाताने उपटणे होय. शिवाय दुसऱ्या आठवड्यातील हगवण पुष्कळदा रोटाव्हायरस (विषाणू) किंवा क्रिप्टोस्पोरिडियम (एकपेशीय परजीवी) यांची असते आणि या दोहोंवर नेहमीची प्रतिजैविके चालत नाहीत. अशा वेळी वासरू मरते ते मुख्यतः पाणी आणि क्षार कमी झाल्याने. म्हणून दूध बंद न करता, दोन दुधांच्या मधल्या वेळेत क्षारांचे पाणी पाजावे. डोळे खोल गेले असतील किंवा वासरू उठत नसेल, तर शिरेतून सलाइन द्यावे लागते आणि त्यासाठी डॉक्टरांना बोलवायलाच हवे.

उत्तर २ (पशुखाद्य विभागात काम करणारी)

वरील उत्तरात एक भर घालते. ‘प्रोबायोटिक’ या एकाच नावाखाली निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. लॅक्टोबॅसिलस आणि एंटेरोकॉकस हे नाजूक असतात. बॅसिलस सबटिलिस बीजाणूरूपात असल्याने उष्णता आणि साठवण बऱ्यापैकी सोसतो. सॅकॅरोमायसिस हे तर यीस्ट आहे. वासरू दूध चोखते तेव्हा अन्ननलिकेच्या टोकाची पन्हळ मिटते आणि दूध कोटीपोटाला (चारा आंबवणाऱ्या पहिल्या पोटाला) वळसा घालून थेट चौथ्या पोटात जाते. त्यामुळे कोटीपोटासाठी असलेले यीस्ट दुधातून देण्यात फारसा अर्थ नाही. ते काफ स्टार्टरमधून (वासरांच्या सुरुवातीच्या कोरड्या खुराकातून) द्यावे, कारण कोटीपोटाच्या आतील अस्तराची वाढ मुळात त्या खुराकाच्या आंबण्यातून तयार होणाऱ्या आम्लांमुळे होते. पाकिटावर जिवाणूचे पूर्ण नाव, प्रति ग्रॅम जिवंत पेशींची संख्या आणि वापराची अंतिम तारीख नसेल, तर ते पाकीट घेऊ नये. प्रयोगांमध्ये बहुधा दररोज १०० कोटी किंवा त्याहून अधिक पेशी दिल्या जातात. तरीही निष्कर्ष एकसारखे नाहीत: जिथे हगवण जास्त असते तिथे फायदा दिसतो, स्वच्छ आणि निरोगी गोठ्यात तो जेमतेमच दिसतो.

ताकाबद्दल आईंना दोष देऊ नये, विचार चुकीचा नाही. मात्र विरजणातील जिवाणू आतड्यात फारसे टिकून राहत नाहीत, त्यांची संख्या रोज वेगळी असते, आणि अस्वच्छ भांड्यातले ताक तर नवे दुखणेच आणेल.

उत्तर ३ (म्हैसपालक, कोल्हापूर)

आमच्याकडे मुऱ्हा म्हशी असल्याने अनुभव थोडा वेगळा आहे. पारडांना जंत मातेच्या दुधातूनच येतात. आम्ही दोन वर्षे हगवणीवर पुड्या पाजत राहिलो, शेवटी शेणाची तपासणी केल्यावर जंताची अंडी सापडली. त्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने पारडू दोन आठवड्यांचे व्हायच्या आत पहिले जंतनाशक देतो. पुडी अजूनही देतो, पण आता ती कशासाठी द्यायची ते ठाऊक आहे.

गोठेकरी

सर्वांचे आभार. सांगायला संकोच वाटतो, परंतु आमच्याकडेही वार पडण्याची वाट पाहिली जात होती. दगावलेल्या कालवडीला चीक मिळाला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि गाय पहाटे तीनला व्यायली होती. पुढची गाय पंधरा दिवसांत विणार आहे. चिकाचा दर्जा कसा ओळखावा?

निवृत्त पशुवैद्यक

द्राक्षांची गोडी मोजण्याचे ब्रिक्सचे यंत्र आपल्या भागात सहज मिळते. त्याच्या काचेवर चिकाचे दोन थेंब टाका. आकडा २२ किंवा त्याहून अधिक आला, तर चीक उत्तम समजावा. कमी आला, तर दुसऱ्या गाईचा गोठवून ठेवलेला चांगला चीक कोमट पाण्यात ठेवून वितळवावा. थेट विस्तवावर तापवू नये.