सिस्टर टांझानियाला चालली आहे: दिवस कसा जातो, आणि सोबत काय द्यावं?

पापडीकर
मंडळी, माझी मावसबहीण सिस्टर, म्हणजे चर्चची व्रतस्थ धर्मभगिनी आहे, शिक्षणाने नर्स. जानेवारीत तिची टांझानियाच्या दक्षिणेला, सोंगेआकडच्या एका मिशन दवाखान्यात तीन वर्षांसाठी नेमणूक झाली आहे. मावशीला घोर लागलाय: पोर खाईल काय, बोलेल कुणाशी, सणासुदीला काय करेल. तिचं सामान धरून बॅगेत सात-आठ किलोची जागा उरते. ती लोणच्या-पापडांनी भरावी की दुसरं काही? आणि तिथला दिवस नेमका कसा असतो, हे जाणकारांनी तपशिलात सांगावं. मावशीला वाचून दाखवणार आहे.

रुवुमाकाठ
बोलेल कुणाशी, ही काळजी मावशींनी पहिली सोडावी. तिथे न बोलता रस्त्याने जाताच येत नाही. मोठ्या माणसाला ‘शिकामो’ म्हणायचं, ते ‘मराहबा’ म्हणतात. कॅथलिक घरात ‘तुम्सिफू येसू क्रिस्तो’ म्हटलं की ‘मिलेले ना मिलेले, आमिना’ असं उत्तर येतं. दाराशी ‘होदी’ अशी हाक द्यायची आणि आतून ‘कारीबू’ आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. हे चार शब्द विमानात बसण्याआधी पाठ हवेत. मराठी माणसाला तिथली भाषा, स्वाहिली, तशी परकी वाटत नाही. दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, पेसा, रांगी, साबूनी, हेसाबू, दावा. हे शब्द बाजारात कानावर पडले की हुरूप येतो.

खरी गोची घड्याळाची. स्वाहिलीत दिवस सूर्योदयापासून मोजतात, म्हणून सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, शब्दशः एक वाजला. तासकाटा ज्या आकड्यावर असेल त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. दहावर असेल तर ‘सा न्ने’, म्हणजे चार. दहाच्या चहाला सगळे ‘सा न्ने’चा चहाच म्हणतात. मिनिटकाट्यात काही बदल नाही. नर्सला हे घोटून यायला हवं. ‘गोळी आठ वाजता घ्या’ म्हणताना तोंडून स्वाहिलीतला आठचा आकडा, ‘सा नाने’, गेला तर पेशंट ती दुपारी किंवा रात्री दोनला घेईल. सकाळच्या आठला ‘सा म्बिली असुबुही’, रात्रीच्या आठला ‘सा म्बिली उसिकू’. पहिले काही महिने पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून द्यावेत.

वारांतही असाच चकवा आहे. ‘तातू’ म्हणजे तीन, पण जुमातातू म्हणजे सोमवार, कारण मोजणी शनिवारपासून सुरू होते.

दिवस पहाटे पाचला सुरू होतो. प्रार्थना, मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, आठपासून दवाखाना. रविवारी एखाद्या किगांगोला, म्हणजे धर्मग्रामाच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या गावांच्या) आडगावच्या उपकेंद्राला जाणं होतं. तिथली मिस्सा दोन-अडीच तास चालते आणि गायनवृंद त्यातला एक मिनिटही वाया घालवत नाही. अर्पणात मका, अंडी, पाय बांधलेली कोंबडी येते आणि मिस्सेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. सिस्टरांनी सुट्टे शिलिंग जवळ ठेवावेत. पपई घेऊन परतण्यात फार सुख आहे.

चुलीपाशी
पापड नकोत, जागा खातात आणि चुरा होऊन पोचतात. हळद, वेलची, लवंग, चहा यांचंही ओझं नको, झांझिबारची लवंग आणि न्जोंबेकडचा चहा तिथलाच.

तीन लिटरचा प्रेशर कुकर द्या, आणि त्याबरोबर दोन जादा रबरी रिंगा व दोन सेफ्टी व्हॉल्व. हे सुटे भाग विसरले की कुकर वर्षभरात नुसतं पातेलं होतो. सोंगेआ हजार मीटरच्या वर आहे, तिथे पाणी ९६–९७ अंशांनाच उकळतं. माहारागे, म्हणजे राजम्यासारखी कडधान्यं, उघड्या सुफुरियात, म्हणजे पातेल्यात, दोन-दोन तास कोळसा खातात. रात्रभर भिजवून कुकरला लावली की पाऊण तासात काम होतं.

मग एक किलो घरचा मसाला आणि अर्धा किलो आमसूल. आमसूल तिथे मिळत नाही, आणि दागा नावाची बारीक सुकी मासळी तव्यावर भाजून आमसुलात केली की थेट सुकटीच्या वळणावर जाते. म्चिचा म्हणजे आपल्या माठाच्या जातीतली पालेभाजी, रोज मिळते. उगाली तांदळाच्या उकडीसारखी घोटतात, फक्त मक्याच्या पिठाची आणि घट्ट. किसाम्वू मात्र सिस्टरांनी स्वतः शिजवायची घाई करू नये. कसाव्याचा पाला आहे, नीट कुटून भरपूर उकळला नाही तर विषारी.

मसाला स्टीलच्या डब्यात भरा. १ जून २०१९ पासून टांझानियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. पेरायचं बी देऊ नका, दाखल्याशिवाय चालत नाही. विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट, पण सॉकेट चौकोनी तीन पिनांचे असतात, तेव्हा दोन अडॅप्टर द्या.

पापडीकर
कुकर नक्की झाला! मावशी विचारते, नाताळला फुगे, आपले तळलेले मैद्याचे गोळे, होतील का तिथे?

चुलीपाशी
होतील, आणि गाव ते मांदाझीचे, म्हणजे तिथल्या तळलेल्या गोड पावाचे, भाऊबंद म्हणून आनंदाने खाईल. अर्धा किलो मैदा, दोन सपाट छोटे चमचे कोरडं यीस्ट, दोन अंडी, दोन मोठे चमचे साखर, एक चमचा मीठ, ३०० मिली कोमट नारळाचं दूध. नारळ किनाऱ्यावरून येतो म्हणून महाग, अर्धं साधं दूध चालतं. यीस्टला तिकडे ‘हामिरा’ म्हणतात. आपलं खमीरच.

पीठ हाताने दहा मिनिटं फेटा. हात वर उचलला की लोंबती तार धरली पाहिजे. तुटून पडलं तर घट्ट आहे, दोन चमचे दूध आणखी. डिसेंबरात दीड तासात फुगतं, जून-जुलैच्या थंडीत तीन तास लागतात, तेव्हा पातेलं विझत्या जिकोपाशी, म्हणजे कोळशाच्या शेगडीपाशी ठेवावं. मग ओल्या मुठीत पीठ घेऊन अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा दाबायचा आणि तेलात सोडायचा. कोळशाची आच कमी करता येत नाही, म्हणून तेल फार तापलं की सुफुरियाच जिकोवरून उतरवायची. तेल कडक राहिलं तर फुगा वरून लाल आणि आत कच्चा. नीट जमला तर तेलात आपणहून कूस बदलतो.

कंदिलवाली
दोन गोष्टी राहिल्या. एक, कपडे. दोरीवरच्या ओलसर कपड्यावर एक माशी अंडी घालते, अळी कातडीत शिरते आणि फोड येतो. म्हणून प्रत्येक कपड्याला दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री, कमरेच्या आणि काखेच्या शिवणीवर जास्त वेळ. आतले कपडे आणि टॉवेलसुद्धा. फोड आलाच तर ओरबाडू नये. वर व्हॅसलीनचा जाड थर द्यावा, हवा कोंडली की अळी वर येते, मग चिमट्याने अख्खी काढता येते. मच्छरदाणी संध्याकाळीच गादीखाली खोचावी. मलेरियाचा डास रात्रीचा आहे. आणि सुट्टीवर घरी आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना टांझानियाचं नाव आधी सांगावं.

दुसरं, फोन. वसई अडीच तास पुढे. सिस्टर रात्री साडेआठला मोकळ्या होतात तेव्हा इकडे अकरा वाजलेले असतात, मावशी पेंगत असणार. रविवारी तिथले दुपारचे तीन, म्हणजे आपले साडेपाच, ही वेळ ठरवून टाका. फोन लागला नाही तर घाबरू नका. पावसाळ्यात दिवस ढगाळ गेला की सोलरची बॅटरी आधी दवाखान्याच्या फ्रिजला राखतात, लसी त्यात असतात.

पापडीकर
रविवार साडेपाच, मावशीने कॅलेंडरवर लिहिलं. रिंगा उद्या आणतो, दोन नाही, चार.