मदत हवी आहे: अर्ध्या मिलिमीटरच्या प्लास्टिकमधून वाड्याच्या खिडक्या कशा कापायच्या?

माडीवरचा

यंदा घरच्या गणपतीपुढे देखावा म्हणून आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याची प्रतिकृती करतोय. वाडा पडून तिथे आता सहा मजली इमारत उभी आहे. पण पाडायच्या आधी वडिलांनी फूटपट्टी घेऊन सगळी मापं वहीत उतरवून ठेवली होती, ती वही माझ्याकडे आहे. प्रमाण १:५० धरलंय. भिंती, कौलं, ओसरी, दिंडी दरवाजा, सगळं पुठ्ठा आणि बाल्सात झालं. अडलोय तो खिडक्यांपाशी.

खिडकी तीन फूट रुंद, साडेचार फूट उंच, म्हणजे १८.३ बाय २७.४ मिमी. चौकट चार इंची, म्हणजे २ मिमी. वरच्या बाजूला पाच पाकळ्यांची महिरप, मधे उभे गज. अशा रस्त्याकडे सात आणि आतल्या चौकाकडे पंधरा, एकूण बावीस. पुठ्ठ्याच्या करून पाहिल्या, पण कडा पिंजतात आणि रंग लावला की फुगतात. म्हणून प्लास्टिककडे वळलो.

आधी जुन्या एटीएम कार्डांवर हात साफ केला. मग पाट्या करणाऱ्या दुकानातून अर्ध्या मिमीची पांढरी शीट आणली. स्टेशनरीतला कटर आणि हिरवी कटिंग मॅट वापरतोय. कोपऱ्यात सुरी दरवेळी अर्धा मिमी पुढे जाते, कडेला प्लास्टिकचा वरंबा उठतो, आणि महिरपीची तिसरी पाकळी कापेपर्यंत पहिली तुटलेली असते. अकरा खिडक्या कापल्या, त्यातल्या दोन शेजारी ठेवल्या तरी जुळ्या वाटत नाहीत. लेझरवाल्याकडे गेलो तर त्याने शीट हातात घेतली, वास घेतला आणि "हे नाही होणार" म्हणून परत दिली. कारण विचारलं तर पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

गणपतीला पाच आठवडे आहेत. आत्या येणार आहे, तिचं बालपण त्या माडीवर गेलंय आणि ती गज मोजणार. कोणी असं बारीक काम केलंय का?

खोडरबर

थ्रीडी प्रिंट करा की. एका रात्रीत बावीस.

माडीवरचा

केलं असतं. पण मग देखावा प्रिंटरचा होईल, आणि आमच्याकडे आरतीनंतर "हे कोणी केलं?" असा प्रश्न विचारायची पद्धत आहे.

सुताराचा नातू

लेझरवाल्यावर रागावू नका, त्याने तुमच्यावर उपकारच केले. तुमची शीट बहुतेक पीव्हीसी आहे, आणि एटीएम कार्डही बहुधा पीव्हीसीचंच असतं. पीव्हीसी जाळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो. तो फुफ्फुसाला वाईट आणि मशीनच्या लोखंडाला त्याहून वाईट. खात्री करायची असेल तर तांब्याची तार गॅसवर लाल करा, शीटच्या तुकड्याला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. हिरवी ज्योत आली तर क्लोरिन आहे. खिडकी उघडी ठेवून, एकदाच, चिमूटभर तुकड्यावर.

तुम्हाला हवंय ते स्टायरीन. पॅकिंगचे ट्रे ज्याचे दाबून काढतात ती शीट, दुकानदार तिला 'हिप्स' म्हणतात. डब्याच्या तळाला त्रिकोणात ६ आकडा असेल तर तेही हेच. ५ आकडा म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्याच्या नादी लागू नका, त्याला काहीही चिकटत नाही. तो पाण्यावर तरंगतो, स्टायरीन बुडतं. तामिया किंवा एव्हरग्रीन या मॉडेलचं सामान करणाऱ्या कंपन्यांच्या तयार शीट उत्तम, पण महाग. बावीस खिडक्यांच्या सरावाला दह्याच्या कपावरच हात बसवा.

स्टायरीनचा मोठा गुण असा की ते पूर्ण कापावंच लागत नाही. स्टीलची पट्टी धरून सुरीने दोन-तीनदा हलका चर पाडा आणि वाकवा, कट्‌कन सरळ रेषेत तुटतं. जोर लावून एकदाच कापायला गेलात की पातं पाचरीसारखं घुसतं आणि बाजूचं प्लास्टिक वर ढकलतं. तुमचा वरंबा तिथून येतो. थोडा तर तरीही येणारच, तो पात्याच्या पाठीने खरवडून काढायचा, मग सहाशे नंबरचा पॉलिश पेपर.

कटर फेकू नका, पण या कामाला नको. सर्जिकल दुकानातून शस्त्रक्रियेच्या सुरीचा तीन नंबरचा दांडा आणि अकरा नंबरची पाती आणा. टोकदार असतात आणि इतकी स्वस्त की बोथट झाल्यावर बदलताना जीव खालीवर होत नाही. आणि मॅटवर शेवटचा काप घेऊ नका. मॅट मऊ, शीट खाली दबते, कोपरा ओढला जातो. काचेवर कापा. पातं लवकर मरतं, पण काप स्वच्छ येतो.

कोपऱ्याचं म्हणाल तर सुरी कोपऱ्यातून सुरू करून मध्याकडे ओढायची, मग उलट टोकाकडून तेच. कोपऱ्याकडे जाताना सुरी थांबत नाही हो, कोणाचीच.

पेठेतली

काका, आर्किटेक्चरला असताना पाच वर्षं मॉडेलं केली आहेत, त्यामुळे आगाऊपणा करते. वर सांगितलंय ते सगळं बरोबर. पण मुळात खिडकी शीटमधून कापताय कशाला?

वाड्याच्या सुताराने ती चौकट एका फळीतून कोरून काढली होती का? चार लाकडं जोडली त्याने. तुम्हीही जोडा. शीटच्या मधोमध भोक पाडायचं म्हटलं की आतले चार कोपरे सांभाळावे लागतात. पट्ट्या जोडल्या की आतला कोपरा आपोआप होतो.

स्वस्तातलं व्हर्निअर (दोन जबड्यांचं मोजमापाचं साधन) २ मिमीवर घट्ट करा. एक जबडा शीटच्या सरळ कडेला टेकवून दुसऱ्याचं टोक शीटवर ओढा, चर पडेल. वाकवा, पट्टी सुटेल. परत तेच. (चांगलं व्हर्निअर वापरू नका, टोक झिजतं. मी बाबांचं वापरलं होतं. अजून ऐकते.) उभ्या पट्ट्या २७.४च्या चव्वेचाळीस, आडव्या १४.३च्या चव्वेचाळीस. एकेक मोजायची नाही. जुन्या फरशीच्या तुकड्यावर एक ठोकळा चिकटवा, पट्टी त्याला टेकवा आणि ठरावीक अंतरावर दाढीचं ब्लेड सरळ खाली दाबा. एखादवेळी ठोकळा चुकीच्या जागी चिकटला, तरी सगळ्या पट्ट्या सारख्याच चुकतात. तिथे खिडक्या जुळ्या दिसतात.

मग काटकोनात लावलेल्या दोन पट्ट्यांच्या साच्यात चौकट मांडायची आणि बारीक ब्रशने सांध्याला द्रावक टेकवायचं. ते आपलं आपण फटीत शिरतं आणि स्टायरीन विरघळवून एकजीव करतं. खिडकी उघडी, पंखा चालू, आणि नाक ब्रशपासून लांब.

कोरायची ती फक्त महिरप, आणि तीही एकेक नाही. १४.३ रुंदीचे सहा तुकडे एकावर एक ठेवून थप्पीच्या फक्त कडांना द्रावकाचा ठिपका द्या. वरच्या तुकड्यावर ४.५ मिमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ काढा आणि त्यावर पाच भोकांच्या खुणा करा, मधली बरोबर माथ्यावर, बाकीच्या तिच्यापासून ३६-३६ अंशांवर. अडीच मिमीचं ड्रिल, हातात धरायच्या चकमध्ये, हळू. मशीनने केलं तर प्लास्टिक वितळून ड्रिलला गुंडाळतं. तीनचं ड्रिल घेऊ नका, भोकं एकमेकांत शिरतात आणि ड्रिल आधीच्या भोकाकडे घसरतं. मग भोकांच्या मधला आणि खालचा भाग काढून गोल सुई-कानशीने पाकळ्या मोकळ्या करा. दोन भोकांच्या मधे जे टोक उरतं तीच तुमच्या महिरपीची टोकं. शेवटी कडा कापल्या की थप्पी सुटते.

गज किती होते?

माडीवरचा

आत्याला फोन केला. पाच. मी वहीत सहा वाचत होतो, वडिलांचा पाच असाच असायचा. गज पाऊण इंची.

पेठेतली

पाऊण इंच म्हणजे तुमच्या प्रमाणात ०.३८ मिमी. मोटर वाइंडिंगची २८ गेजची तांब्याची तार जवळपास तेवढीच असते. तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, विचारा. एक टोक शिकंजात, दुसरं पक्कडीत धरून खेचा, किंचित ताणली की दोरीसारखी सरळ होते. तिला द्रावक चिकटवत नाही, तिथे फेविक्विकच.

सुताराचा नातू

गजांच्या अंतरासाठी एक युक्ती. हार्डवेअरमधून एम २०चे दोन बोल्ट आणा. त्यांच्या आट्यांमधलं अंतर २.५ मिमी असतं, तुम्हाला हवंय साधारण २.४. दोन बोल्ट समांतर ठेवा, आट्यांमधे पाच तारा बसवा, वरून चौकट पालथी टेकवा आणि चिकटवा. शून्य पूर्णांक एकचा फरक आत्यालाही दिसणार नाही.

माडीवरचा (नऊ दिवसांनी)

आधी कबुली. तांब्याच्या तारेला हिरवी ज्योत आली. एवढी हिरवी की बायको स्वयंपाकघरातून बाहेर गेली आणि मला आत येऊ देईना. ती शीट आता देखाव्याखालच्या जमिनीला लावणार.

हिप्स मिळाली. चर पाडून वाकवायचा पहिला आवाज ऐकला तेव्हा गेल्या महिन्यातली सगळी मेहनत आठवून वाईट वाटलं. पट्ट्या दोन संध्याकाळी झाल्या. ठोकळा मी खरंच चुकीच्या जागी चिकटवला होता, खिडक्या २७.४ऐवजी २७.१ झाल्या. पण बावीसच्या बावीस २७.१.

महिरपीची पहिली थप्पी वाया गेली. घाईत ठिपके आतल्या बाजूलाही दिले, सहा तुकडे कायमचे एक झाले. ते तीन मिमी जाडीचं प्रकरण दिंडी दरवाजावर बसवलं, तिथे ते फार शोभून दिसतंय आणि ते तसंच ठरवलेलं होतं असं मी घरी सांगितलंय. दुसऱ्या थप्पीपासून नीट जमलं. ड्रिल हाताने फिरवताना बोटं भरून येतात, एका बैठकीत एकच थप्पी होते.

बोल्टाच्या युक्तीला साष्टांग नमस्कार. हार्डवेअरवाल्याने "दोनच बोल्ट? नट नको? कशाला हवेत?" असं तीनदा विचारलं. वाड्याच्या खिडकीला म्हटलं, तर त्याने चाळीस मिमी लांबीचे पुरतील का असं काळजीने विचारलं.

चौदा खिडक्या बसल्या, आठ बाकी. आता पुढचा प्रश्न. दिंडी दरवाजावर पितळी फुल्यांच्या ओळी होत्या, फुली पाऊण ते एक मिमीची येईल. एवढ्या बारीक गोल चकत्या सुरीने कापायचा विचारही करवत नाही.

सुताराचा नातू

इंजेक्शनची जाड सुई. १८ नंबरची आतून साधारण ०.८ मिमी असते. तिरकं टोक घासून सपाट करा, कडेला आतून बाहेरून धार द्या आणि पाव मिमीच्या शीटवर दाबून फिरवा. चकती सुईतच अडकते, मागून बारीक तारेने ढकलायची. खाली मॅट घ्या, इथे काच नको.

पेठेतली

आणि दोनशे लागणार असतील तर तीनशे पाडा. शंभरेक उडून फरशीवर जातात आणि झाडू मारणाऱ्याला त्यांची किंमत कळत नाही.