माळावरच्या खोकडांना खाऊ घालणं बंद व्हावं का?

माणदेशी: दहिवडीकडच्या एका ढाब्यामागं रोज रात्री खोकडांना, म्हणजे कोल्ह्याहून लहान त्या माळावरच्या जनावराला, कोंबडीची आतडी टाकतात, गिऱ्हाईक मोबाईल काढून उभंच. आता गाडीचा उजेड दिसला की खोकड पळायचं सोडून रस्त्याकडं येतंय. टोळ, वाळवी, उंदीर, सरडे, बोरं, एवढ्यावर त्याचं भागतं. आपल्या उकिरड्यावर आधी गावची कुत्री गोळा होतात, अन् त्यांच्याकडनं रेबीज नि डिस्टेंपर (कुत्र्यांचा जीवघेणा साथीचा रोग) खोकडांत जातो. माझं स्पष्ट मत आहे, हे बंद करा.

खटावकर: उन्हाळ्यात मुक्या जिवाला घास टाकला तर पाप झालं होय? आमची आजी भाकरीचा तुकडा बांधावर ठेवायची. तेव्हा कोण आलं नाही शिकवायला.

माणदेशी: आजी रील काढत नव्हती, दादा.

जत_पूर्वभाग: तुमचं कौतुक राहू द्या. चुलत्याच्या वाड्यातनं कोकरू गेलं परवा. खोकड काय नि कोल्हा काय, दोघं सारखेच.

माणदेशी: सारखे कसे? खोकड दोन-तीन किलोचं, शेपटीचं टोक काळं. त्याला कोकरू ओढवणार तरी का? नेलं असेल ते कोल्ह्यानं. अन् 2022 च्या दुरुस्तीनंतर दोघंही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. बिळात धूर करायच्या आधी विचार करा.

जत_पूर्वभाग: कायदा पाठ आहे तुमचा. भरपाईच्या यादीत कोल्हा आहे, ठाऊक आहे. पण अख्खं कोकरू उचलून नेल्यावर पंचनामा कशाचा करायचा, लोकरीचा?

तासगावची_बाग: आमच्याकडच्या कोल्ह्याला द्राक्षं आंबट लागत नाहीत एवढं सांगतो 😄 खालचे घड साफ. तरी उंदरांपायी मी त्याला हाकलत नाही.

आटपाडीकर: ढाब्यावरची आतडी ही बारकी गोष्ट आहे हो. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं, माळ फुटला, डाळिंब लागलं. उरलेल्या गायरानावर वृक्षारोपण. खोकडाला उघडं गवत लागतं, झाडी नव्हे. आणि खड्डे खणतात कधी? एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नेमकी बिळात पिल्लं असताना. जेसीबी बिळाचं तोंड बघून थांबत नाही. यावर कुणी बोलत नाही, कारण झाड लावलं की फोटो येतो पेपरात.

खटावकर: मग पाणी नको होतं का? 2012-13 च्या दुष्काळात जनावरं चारा छावणीत बांधून आम्ही तिथंच झोपलोय. माळ हिरवा झाला तर तुमच्या पोटात दुखतंय.

आटपाडीकर: पाणी हवंच, माझीपण बाग आहे. ज्या गायरानात बिळं आहेत तिथं खड्डे नकोत, एवढंच म्हणतोय. गुराख्याला विचारलं तरी बिळं दाखवेल.

खटावकर: हे पटतंय. पण घास टाकू नका म्हणणं नाही पटत.

माणदेशी: ढाबेवाल्याशी बोललो. म्हणाला, "गिऱ्हाईक खोकडासाठीच थांबतं, आतडी बंद केली तर धंदा तुम्ही देणार का?"

जत_पूर्वभाग: बरोबर विचारलं त्यानं. द्या आता उत्तर.